कीटकांसह बाल्टिक अंबर, दहा नगांचा संच: एका डेंटिस्टचा रिव्ह्यू

घ्यावा की नाही एवढंच विचारायचं असेल तर उत्तर आहे, घ्या. पाचपैकी तीन तारे. दोन तारे कशासाठी कापले ते पुढे येईलच, आणि त्यातला एक तर विक्रेत्याने प्रेमाने पाठवलेल्या फुकट भेटीसाठी कापलाय.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. अशा नावाचे संच ऑनलाइन बरेच जण विकतात, मालही साधारण सारखाच असतो. अंबर म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षांत घट्ट होऊन जीवाश्म झालेली; बाल्टिक म्हणजे बाल्टिक समुद्राच्या परिसरातली. जाहिरातीतलं वर्णन असं: ‘बाल्टिक अंबर, अस्सल, कीटकांसह, दहा नग, निवड न केलेले’. शेवटचे तीन शब्द मी दोनदा वाचले आणि त्यांच्यासाठीच ऑर्डर दिली. निवड न केलेले म्हणजे विक्रेत्याने एकेक नग सूक्ष्मदर्शकाखाली घालून मोठे, देखणे, दुर्मीळ किडे वेगळे काढलेले नाहीत. निदान नीट काढलेले नाहीत.

त्याच जाहिरातीत ‘डायनासोरच्या काळातली झलक’ असंही लिहिलेलं होतं. बाल्टिक अंबर इओसीन काळातलं, ढोबळमानाने साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचं. डायनासोर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच आटोपले होते. मधला फरक दोन कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, पण मार्केटिंगवाल्यांना तेवढं चालतं. अंबरातल्या डासाच्या पोटातून डीएनए काढायच्या गप्पाही त्याच पंक्तीतल्या. नव्वदच्या दशकात अंबरातल्या किड्यांचा डीएनए मिळाल्याचे दावे झाले होते, पण दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिल्यावर ते टिकले नाहीत.

पार्सल चांगलं बांधलेलं होतं. प्रत्येक नग वेगळ्या झिप पिशवीत, वर नंबर, सोबत छापील यादी. अंबर फार मऊ असतं, कठीणपणाच्या मोहस मापनावर दोन ते अडीच, म्हणजे नखाने नाही तरी नाण्याने सहज ओरखडा पडेल इतकं. एकाच पिशवीत दहा नग कोंबून पाठवणारेही आहेत, त्यामुळे इथे पूर्ण गुण. फक्त दोन नगांवर नंबरचा स्टिकर थेट अंबरावर चिकटवला होता. असा स्टिकर निघत नाही म्हणून हात आपसूक स्पिरिटकडे किंवा नेलपॉलिश रिमूव्हरकडे जातो. जाऊ देऊ नका. कोमट पाण्यात बोट भिजवून हळूहळू चोळलं की निघतो.

आता खरं-खोटं. मी रोज राळेसारख्याच पदार्थांत हात घालते. दातात भरायचं कॉम्पोझिट, कवळीचं ऍक्रिलिक, मापं घ्यायचे रबरासारखे लगदे. त्यामुळे नकली अंबर बनवणाऱ्यांच्या कच्च्या मालाशी माझी जुनी ओळख आहे, आणि या संचाच्या चाचण्या मी जरा जास्तच उत्साहाने केल्या.

पहिली चाचणी मिठाच्या पाण्याची. ही सगळीकडे सांगतात, पण बहुतेक जण ‘मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला’ असं सांगतात, ते मला पटत नाही. पाण्याची घनता 1 धरली तर अंबरची 1.05 ते 1.10. मिठाच्या संपृक्त पाण्याची 1.2 च्या आसपास. ऍक्रिलिकची 1.18. म्हणजे अगदी खारट पाण्यात अंबर तर तरंगेलच, पण माझ्या क्लिनिकमधला कवळीचा तुकडाही तरंगेल. त्यापेक्षा 100 मिलिलिटर पाण्यात 20 ग्रॅम मीठ घ्या, घनता 1.12 च्या जवळ येते. त्यात अंबर तरंगतं. ऍक्रिलिक, पॉलिएस्टर, बेकेलाइट, सेल्युलॉइड ही प्लास्टिकं तळाला जातात. दहाही नग तरंगले. पॉलिस्टायरीन मात्र इथेही तरंगतं आणि कोपलही तरंगतं, म्हणून एवढ्यावर थांबून चालत नाही.

कोपल म्हणजे कोवळी राळ, अंबर व्हायच्या वाटेवरची. मादागास्कर आणि कोलंबियातून ती भरपूर येते, आतले किडेही खरेच असतात, फक्त वय काही शेकडा किंवा हजार वर्षांचं. कोपल विकणं यात गैर काही नाही, अंबर म्हणून विकणं गैर. तिच्यासाठी ऍसिटोनचा एक थेंब, तोही पॉलिश न केलेल्या कडेवर, काही सेकंद. कोपल चिकट होते, बोटाचा ठसा उमटतो. बाल्टिक अंबरचाही थोडा भाग ऍसिटोनमध्ये हळूहळू विरघळतो, म्हणून थेंब लगेच पुसायचा. दहांपैकी एकही चिकट झाला नाही.

मग अतिनील टॉर्च, 365 नॅनोमीटरचा. डेंटिस्ट मंडळींसाठी खास सूचना: आपली क्युरिंग लाइट इथे चालत नाही, ती निळी आहे, अतिनील नव्हे. टॉर्चखाली सगळे नग निळसर-पांढुरके चमकले. आणि शेवटी माझी आवडती चाचणी, वासाची. पुष्कळ लोक तापलेली सुई टोचायला सांगतात. सुईचा डाग कायमचा राहतो. त्याऐवजी कोरड्या पॉलिश पेपरवर कड दोनदा घासा आणि लगेच नाकाशी न्या. अंबर असेल तर राळेचा, देवळात धूप जाळल्यासारखा मंद वास येतो. ऍक्रिलिक असेल तर जो वास येतो तो मी झोपेतही ओळखेन. इथे सगळीकडे धूपच होता.

तर माल खरा आहे. आता प्रमाणपत्राबद्दल. संचासोबत चकचकीत कागदावर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र येतं, त्यावर ‘शंभर टक्के अस्सल नैसर्गिक अंबर’ आणि कुणाची तरी वेलांटीदार सही. चाचणी कोणती केली, कुणी केली, कोणत्या नगावर केली, काहीच नाही. बाल्टिक अंबर ओळखायची पक्की पद्धत 1960 च्या दशकात कर्ट बेक या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिली: अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटात या अंबरचा एक विशिष्ट सपाट भाग दिसतो, त्याला ‘बाल्टिक शोल्डर’ म्हणतात. प्रमाणपत्राला वर्णपटाचा आलेख जोडलेला असेल तर तो कागद जपून ठेवा. नसेल तर तो कागद म्हणजे पॅकिंगचाच भाग. माझा मी नगांखाली अंथरलाय.

प्रमाणपत्रातला ‘नैसर्गिक’, म्हणजे प्रक्रिया न केलेलं, हा दावाही पूर्ण खरा नाही. दोन नंबरच्या नगात किड्याच्या आजूबाजूला गोल, चपट्या, चमकदार चकत्या आहेत, माशाच्या खवल्यांसारख्या. दागिन्यांच्या दुकानात याच चकत्या सौंदर्य म्हणून विकतात, आणि त्या बहुतेक वेळा अंबर तापवल्यामुळे येतात. अंबरच्या धंद्यात गढूळ नग स्वच्छ करायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवायचं यंत्र, सर्रास वापरतात. माझ्याकडे ऑटोक्लेव्हमध्ये अवजारं जातात, त्यांच्याकडे चार कोटी वर्षांची चिलटं. तापवलेला नग वाईट असतोच असं नाही, पण यादीत तसं लिहायला हवं होतं. अर्धा तारा इथे गेला.

आणखी अर्धा तारा यादीवर गेला. यादीत दहापैकी सहा नगांसमोर नुसतं ‘डिप्टेरा’ लिहिलंय, एकासमोर ‘मुंगी’, एकासमोर ‘कोळी’, एकासमोर ‘भुंगा’ आणि एकासमोर ‘कीटक?’. प्रश्नचिन्ह त्यांचंच. डिप्टेरा म्हणजे माश्या, डास, चिलटं यांचा सगळा गोतावळा. बाल्टिक अंबरातल्या कीटकांत निम्म्याहून अधिक तेच असतात, त्यामुळे सहा डिप्टेरा येणं अपेक्षितच होतं. माझी तक्रार ठिकाणाबद्दल आहे. ‘बाल्टिक’ एवढंच लिहिलंय. कॅलिनिनग्रादच्या यांतार्नी खाणीतलं आहे, पोलंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं आहे, की युक्रेनमधल्या रिव्ने भागातलं? रिव्नेचं अंबर रासायनिकदृष्ट्या इतकं जवळचं आहे की वर्णपटावरूनही ते सहज वेगळं काढता येत नाही. म्हणजे ही माहिती विक्रेत्याने लिहून दिली तरच आपल्याला मिळणार. एकदा हरवली की कोणतीही प्रयोगशाळा ती खात्रीने परत आणून देऊ शकत नाही. संग्रह करणाऱ्याला किड्याच्या नावापेक्षा या ओळीची जास्त गरज असते. नाव मागाहूनही लावता येतं.

आता आत काय आहे ते.

पाहायची सोय आधी सांगते. दात पाहायला मी साडेतीन पटीचे लूप्स, म्हणजे चष्म्यासारखी भिंगं, लावते, ते इथे अपुरे पडतात. दहा पटीचं हातातलं भिंग किमान हवं, आणि 20 ते 40 पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मिळाला तर या छंदाची खरी मजा सुरू होते. नगाचा पृष्ठभाग गोल असतो, त्यामुळे किडा वाकडातिकडा दिसतो. त्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवायची. अंबरचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.54, ग्लिसरीनचा 1.47, दोन्ही जवळजवळचे असल्याने वाकडेपणा आणि ओरखडे दोन्ही एकदम नाहीसे होतात. पाहून झालं की पाण्याने धुऊन पुसायचं.

चार नंबरचा नग लांब पायांच्या माशीचा, डोलिकोपोडिडे कुळातली असावी. एका बाजूने पाहिली तर दुधाळ पडद्याआड लपलेली, काही म्हणजे काही दिसत नाही. दुसऱ्या बाजूने पायावरचा काटा न् काटा मोजता येतो. हा दुधाळपणा बघून नवखे लोक नग परत पाठवतात. उलट तो बाल्टिक अंबरच्या ओळखीच्या खुणांपैकी एक आहे: शरीर कुजताना बाहेर आलेल्या द्रव-वायूंचे अतिसूक्ष्म बुडबुडे राळेत अडकले, त्याचा हा पडदा. या माशीचा एक पाय शरीरापासून थोडा दूर, वेगळा पडलाय. तिच्या आणि त्या पायाच्या मध्ये राळेच्या प्रवाहाच्या रेषा वळलेल्या दिसतात. ती ओढत होती, हे त्या रेषांवरून कळतं.

नकली नगात असं काही सापडत नाही. तिथे किडा मधोमध, पाय नीट पसरलेले, अंबर आरपार स्वच्छ, आणि किडा मोठा. भला थोरला विंचू किंवा घरमाशी कुणी परवडण्यासारख्या दरात देत असेल तर तिथून निघा. मोठे किडे ताकदवान असतात, राळेतून सुटून जातात. अडकतात ती मुख्यतः काही मिलिमीटरची पिल्लावळ. तरीही शहाणे फसतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 1922 पासून एक माशीचा नग होता, कीटकशास्त्रज्ञ हर्मान लोएव्हच्या संग्रहातून आलेला. लोएव्हने 1850 मध्ये त्याचा उल्लेख केला होता, पुढे विली हेनिगसारख्या कीटकशास्त्रातल्या दिग्गजानेही तो खरा धरला. माशी आजही संडासांभोवती घोंगावणाऱ्या फॅनिया स्केलॅरिस जातीची, आणि ती कोट्यवधी वर्षं जशीच्या तशी राहिली याचं सगळ्यांना नवल. 1993 मध्ये अँड्र्यू रॉस हा अभ्यासक ती पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने नगात फट दिसू लागली. खऱ्या अंबरचे दोन तुकडे करून, एक कोरून, आत माशी बसवून कुणीतरी ते परत चिकटवले होते. अंबर खरं, माशी खोटी. वर सांगितलेल्या माझ्या सगळ्या चाचण्या तो नग आरामात पास झाला असता. म्हणून नगाला कडेने फिरवून चिकटवल्याची सपाट रेष शोधायची सवय लावून घ्या. या संचात तशी रेष कुठेच नव्हती, आणि इतक्या फालतू चिलटांसाठी एवढी मेहनत कुणी घेणारही नाही.

फालतू म्हणाले खरी, पण मला या संचातला सर्वात आवडलेला नग सहा डिप्टेरांपैकीच एक आहे, नऊ नंबरचा. ओबडधोबड, एका कोपऱ्याला भेग, वर भुऱ्या रंगाची जुनी साल तशीच राहिलेली. जाहिरातीच्या फोटोत तो मुद्दाम मागच्या रांगेत ठेवलाय. आत तीनेक मिलिमीटरचं चिलट, एक पंख मुडपलेला. त्याच्याभोवती चांदण्यांच्या आकाराची इवलीशी लव विखुरलेली आहे. ही ओकच्या झाडाची, बाल्टिक अंबरात ती इतकी नेहमी सापडते की नसली तरच मला चुकल्यासारखं होतं. तेवढंच पाहून मी नग बाजूला ठेवणार होते. पण 40 पटीला नेल्यावर चिलटाच्या पोटाच्या खालच्या बाजूला एक फुगीर ठिपका दिसला. बुडबुडा असता तर कडा काळी, गोल आणि मध्ये उजेड दिसला असता. याला पाय आहेत. एका बाजूचे तीन मी मोजले, चौथा चिलटाच्या पायाआड गेलाय. माझ्या मते हा माइट आहे, गोचिडीचा छोटा भाऊबंद, चिलटाला चिकटून आलेला आणि त्याच्याबरोबरच अडकलेला. चिलटांवरचे परजीवी माइट बाल्टिक अंबरातून माहीत आहेत, म्हणजे विज्ञानाला नवं काही नाही. पण यादीत तो नव्हता. विक्रेत्याला तो दिसला असता तर हा नग वेगळा काढून, मोठा फोटो लावून, कितीतरी चढ्या भावाने विकला असता. निवड न केलेला संच घ्या असं मी म्हणते ते याच कारणासाठी.

त्या नगाला पॉलिशची गरज होती. मी हातानेच केलं: आठशे, मग बाराशे, मग दोन हजार नंबरचा पेपर, सगळं ओलं, आणि शेवटी कवळीच्या पॉलिशची बारीक पेस्ट फ्लॅनेलवर. मोटार वापरू नका, कितीही हलका हात असला तरी. घर्षणाने अंबर तापतं, मऊ पडतं, आणि आधीची भेग पुढे सरकते. अल्ट्रासोनिक क्लीनर तर अजिबात नको. ठेवायलाही काचेचं, आत दिवे असलेलं कपाट नको. उजेड, उष्णता आणि कोरडी हवा यांनी काही वर्षांत वरच्या थरावर तड्यांची जाळी धरते. बंद डबा आणि अंधारा ड्रॉवर पुरे. संग्रहालयं मौल्यवान नग इपॉक्सीत बसवून ठेवतात, पण तो सल्ला मी घरच्या घरी करायला देणार नाही. बुडबुडे राहिले तर नग कायमचा गेला.

मुंगी ठीक. कोळ्याचं तोंड बुडबुड्याने झाकलंय. भुंग्याचं नुसतं कवच दिसतं, पाय पोटाखाली. ‘कीटक?’ म्हणजे झाडाच्या सालीचा तुकडा आहे, विक्रेत्याची शंका रास्त होती.

उरला तो पूर्ण तारा. पार्सलमध्ये अकरावा नगही होता, ‘भेट: बर्माइट, 9 कोटी 90 लाख वर्षं, दुर्मीळ!’ अशा चिठ्ठीसह. म्यानमारच्या काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातलं हे अंबर खरोखरच डायनासोरांच्या, क्रिटेशियस काळातलं आहे, आणि वैज्ञानिकदृष्ट्या बाल्टिकपेक्षा कितीतरी जास्त खळबळ त्याने माजवलीय. डायनासोरचं पिसं असलेलं शेपूट सापडलं ते त्यातच. पण त्या खाणी संघर्षाच्या प्रदेशात आहेत, जून 2017 मध्ये तिथे लष्कराने ताबा घेतला, आणि या अंबरच्या पैशाने लढाई पोसली जाते हा आक्षेप गेली कित्येक वर्षं उघडपणे घेतला जातोय. 2020 मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजीने, जून 2017 नंतर बाहेर आलेल्या नगांवरचे शोधनिबंध छापू नका असं नियतकालिकांना कळवलं. ज्याला हे अंबर घ्यायचंच आहे त्याने विचार करून घ्यावं. पण मी न मागितलेला असा नग माझ्या पार्सलमध्ये गोडाची वाटी म्हणून टाकायचा हक्क विक्रेत्याला कुणी दिला?

मी तसं कळवलं. उत्तर आलं की नग 2017 च्या आधीचा आहे. कागद मागितला तर कागद नाही. परत घेता का विचारलं, तर ‘भेट परत घेत नाही, मॅडम’. आता तो वेगळ्या पिशवीत आहे, त्या चिठ्ठीसह आणि आमच्या पत्रव्यवहाराच्या प्रिंटसह.

बाकी वागणूक चांगली होती. ठिकाणाबद्दल विचारल्यावर दोन दिवसांत कळवलं की नऊ आणि चार नंबरसह सात नग कॅलिनिनग्रादच्या एका जुन्या लॉटमधले आहेत, उरलेल्या तिघांचं सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकायला मिळणं विरळाच, त्याबद्दल अर्धा तारा परत द्यायचा विचार मनात आला होता. दिला नाही, कारण हे यादीतच छापायला हवं होतं.

पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक आणि 365 नॅनोमीटरचा टॉर्च आधी घ्यावा, संच नंतर. भिंत सजवायला काही हवं असेल तर हा संच तुमच्यासाठी नाही. तुम्ही एकच मोठा, तापवून स्वच्छ केलेला नग घ्या, तो दुरून छान दिसतो. मी दुसरी ऑर्डर दिलीय. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलंय: स्टिकर अंबरावर नको, ठिकाण यादीत हवं, भेट नको.